क्रमांक २१४० : एका हेल्प फाइलीची तीस वर्षं

तक्रार एका ओळीची होती : ‘एफ१ दाबलं की मायक्रोसॉफ्टचं कुठलंतरी पान उघडतं.’

पाठवणारी एका प्रयोगशाळेतली विश्लेषक. तिच्यासमोर तराजूच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे तराजू बरोबर मोजतो का ते तपासण्याची, स्क्रीन उघडी होती, मोजलेलं वजन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं होतं आणि खाली दोनच बटणं होती, ‘स्वीकारा’ आणि ‘पुन्हा मोजा’. कोणतं दाबायचं ते बघायला तिनं एफ१ ही मदतीची कळ दाबली, तर ब्राउझर उघडला आणि ही जुनी हेल्प या विंडोजमध्ये चालत नाही असं सांगून मोकळा झाला.

मी टेक्निकल रायटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरसोबतची मदतीची पानं लिहिते. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा कंपनीच्या हिशोबानं ते आठवड्याभराचं होतं : जुनी फाइल उघडायची आणि नव्या स्वरूपात सेव्ह करायची. प्रत्यक्षात ते या ना त्या रूपात चार वर्षांहून जास्त काळ माझ्या टेबलावर राहिलं. प्रयोगशाळेत नमुना आल्यापासून निकालावर सही होईपर्यंतची नोंद ठेवणारं हे सॉफ्टवेअर. त्यातला कॅलिब्रेशनचा विभाग सगळ्यात जुना. त्याला कोणी हात लावत नाही, कारण कोडची एक ओळ बदलली तरी सगळ्या विभागाची वैधता नव्यानं सिद्ध करावी लागते. त्याची हेल्प १९९४ मधली, आणि ‘मर्यादेबाहेर’ या स्क्रीनचा हेल्प क्रमांक २१४०. हा आकडा लक्षात ठेवा.

फाइल उघडत का नव्हती

मायक्रोसॉफ्टनं १९९० मध्ये विंडोज ३.० आणलं त्याच्यासोबत विनहेल्प ही व्यवस्था आली. प्रोग्रामशेजारी एक एचएलपी फाइल ठेवायची. प्रोग्राम विंडोजला हाक मारून सांगणार, ‘या फाइलीतला अमुक क्रमांकाचा टॉपिक, म्हणजे एका विषयाचं पान, दाखव’, आणि विंडोज तो दाखवणार. त्याआधी मदत म्हणजे शेल्फवरचं जाडजूड मॅन्युअल, किंवा युनिक्सवाल्यांची १९७१ पासून चालत आलेली मॅन पानं, म्हणजे मॅन्युअलची पानं. माणूस जिथे अडलाय नेमकं तिथलं पान त्याच्यापुढे आपोआप यावं, ही सोय विनहेल्पनं ऑफिसातल्या साध्या वापरणाऱ्यापर्यंत नेली.

ती फाइल तयार करणं मात्र साधं नव्हतं. वर्डमध्ये लिहायचं. टॉपिक संपला की पान तोडायचं. टॉपिकच्या डोक्यावर तळटिपा टाकायच्या, आणि त्यांची खूण आकड्याऐवजी चिन्हांनी करायची : # म्हणजे टॉपिकचं अंतर्गत नाव, $ म्हणजे शीर्षक, + म्हणजे मागचं-पुढचं पान कोणतं, आणि ‘के’ म्हणजे सूचीत यायचे शब्द. लिंक द्यायची तर शब्दाला दुहेरी अधोरेखा, आणि त्याला चिकटून छुप्या अक्षरांत जिथे जायचं त्या टॉपिकचं नाव. अधोरेखा एकेरी दिली तर उडी न मारता छोटी चौकट उघडायची. एखादं अक्षर छुपं करायचं राहिलं तर कंपायलर, म्हणजे या लिखाणाची एचएलपी फाइल बनवणारा प्रोग्राम, तरी ओरडायचा, नाहीतर ते अक्षर थेट ग्राहकाच्या स्क्रीनवर जाऊन बसायचं.

हा जाच हलका करायला म्हणून हेल्प ऑथरिंग टूल हा धंदा जन्माला आला. आमच्यात त्याला ‘हॅट’ म्हणतात. ब्लू स्काय सॉफ्टवेअरचं रोबोहेल्प १९९२ मध्ये आलं, त्याच सुमारास डॉक-टू-हेल्प. दोन्ही वर्डच्या खांद्यावर बसून काम करायची : बटण दाबा, तळटिपा आपोआप पडतील. आमची १९९४ ची फाइल अशाच एका साधनातून निघालेली.

मग २००७ च्या सुरुवातीला विंडोज विस्टा बाजारात आलं ते विनहेल्पला वगळून. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की या प्रोग्राममध्ये कित्येक आवृत्त्या मोठी सुधारणा झालेली नाही आणि तो आता कंपनीच्या मापदंडांत बसत नाही. हवा असेल त्यानं तो वेगळा उतरवून घ्यावा. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी मात्र आपल्या सीडीत घालून देऊ नये. शिवाय त्या उतरवलेल्या प्रोग्रामात जुन्या फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, मुळात बंद. विंडोज ७, ८ आणि ८.१ साठीही हा डाउनलोड मिळत राहिला, विंडोज १० साठी मिळाला नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा त्या प्रयोगशाळेनं संगणक बदलले आणि आमच्याकडे तक्रार आली. तेरा वर्षांची सूचना कमी पडली असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

जाता जाता : मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं लोकांना चक्क एफ१ दाबू नका असं सांगितलं होतं. एखादी वेबसाइट एफ१ दाबायला सांगत असेल तर दाबू नका, कारण जुन्या विंडोजवर त्या वाटेनं विनहेल्पमार्फत हल्लेखोराला आत घुसता येत होतं. मदतीचं बटण हेच धोक्याचं बटण, असा काळही या धंद्यानं पाहिलाय.

उलगडलेल्या फाइलीत काय निघालं

पहिला प्रश्न, मूळ वर्ड फाइली कुठे आहेत? त्या एका माणसाच्या संगणकावर होत्या, आणि तो संगणक केव्हाच भंगारात गेला होता. हातात उरली ती फक्त कंपाइल झालेली एचएलपी.

हेल्पडेको नावाचं एक जुनं, फुकट साधन अशी फाइल उलगडून पुन्हा आरटीएफ, म्हणजे वर्डमध्ये उघडणारी फाइल, बनवतं. ते चालवलं. मजकूर आला. चित्रं आली. ‘के’च्या तळटिपांमधले सूचीचे शब्दही आले. आली नाहीत ती टॉपिकांची नावं. कारण कंपायलर नाव फाइलीत ठेवतच नाही. नावावरून काढलेला एक ३२ बिटी आकडा तेवढा ठेवतो, आणि आकड्यावरून मूळ नावाकडे परत जाता येत नाही. मूळ लेखिकेनं प्रत्येक टॉपिकला विचार करून दिलेलं नाव गेलं, आणि त्याच्या जागी साधनानं आपल्या मनानं टॉपिक१, टॉपिक२ अशा पाट्या लावल्या. कोणत्या टॉपिकची कोणाशी नाळ आहे, कोणता टॉपिक कोणाच्या पोटातला, हे त्या नावांमध्ये होतं. सगळी पानं जागेवर, पण घराचे नंबर पुसलेले.

एक गोष्ट मात्र धड होती : क्रमांकांचा तक्ता. प्रोग्रामकडून येणारा आकडा आणि टॉपिकची जागा यांची जोडी फाइलीत वेगळी नोंदलेली असते. २१४० शोधला आणि पान समोर आलं : ‘वजन मर्यादेबाहेर असल्यास’.

इथे मला पहिल्यांदा जे जाणवलं त्याचा प्रत्यय या प्रकरणात पुढे पुन्हा पुन्हा आला. साधन बदललं की मजकूर जाईल या भीतीनं सगळे हवालदिल होतात, पण मजकूर सहसा वाचतो. मजकुराला स्क्रीनशी, वापरणाऱ्याशी, आवृत्तीशी बांधणारे धागे तुटतात, आणि ते तुटल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण पान तर उघडत असतं.

मधले दोन थर

कॅलिब्रेशन सोडून बाकी सॉफ्टवेअरची हेल्प २००१ मध्ये सीएचएम झाली होती. सीएचएम ही एचटीएमएल हेल्प या मायक्रोसॉफ्टच्या पुढच्या पायरीची फाइल. ती पायरी १९९७ मध्ये आली : आत साधी वेबपानं, बाहेरून दाबून बसवलेली एकच फाइल. कल्पना चांगली होती, आणि आजही कुठल्यातरी उपकरणासोबत सीएचएम मिळते म्हणजे ती टिकलीही. पण तिच्या खोडी भरपूर. कंपायलर काम फत्ते झालं की १ परत देतो आणि फसलं की ०, म्हणजे इतर सगळ्या जगाच्या उलट. पहिल्यांदा बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे अंतिम फाइली आपोआप बनवणाऱ्या आज्ञांची यादी, लिहिणारा प्रत्येक जण त्यात एकदा तरी पडतो. फोल्डरच्या नावात # असेल तर पानच उघडत नाही. अनुक्रमणिका आणि सूची यांना युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींचा सामाईक तक्ता, कळत नसे, त्यांना विंडोजचं जुनं कोडपेज, म्हणजे एकेका लिपीपुरता अक्षरतक्ता, लागे. देवनागरीला विंडोजमध्ये असं कोडपेज नव्हतंच, ती थेट युनिकोडमधून आली. त्यामुळे पानातला मराठी मजकूर नीट दिसे आणि शेजारची अनुक्रमणिका बिघडलेली. मराठीत सीएचएम करायला बसलेल्यांनी हा अनुभव घेतला असेल.

आमच्या प्रकरणाला महत्त्वाची ठरली ती जून २००५ ची सुरक्षा सुधारणा. तिच्यानंतर नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधली सीएचएम उघडली की डावीकडे अनुक्रमणिका दिसे आणि उजवीकडे पानाऐवजी ‘रद्द झालं’ असा निरोप. या सॉफ्टवेअरची मांडणीच अशी होती की सगळं सर्व्हरवरच्या एका फोल्डरमधून चाले. सपोर्टनं उपाय सांगितला : फाइल आपापल्या संगणकावर उतरवून घ्या. लोकांनी घेतली. पुढे सॉफ्टवेअर बदललं, सर्व्हरवरची हेल्प बदलली, टेबलांवरच्या प्रती तशाच राहिल्या. आवृत्तीचा धागा तिथे तुटला, आणि तो तुटण्याला जबाबदार म्हणून बोट दाखवावं असा एकही माणूस नव्हता. प्रत्येकानं आपापल्या जागी शहाणपणाचंच काम केलं होतं.

तिसरा थर वेबहेल्पचा, म्हणजे ब्राउझरात उघडणाऱ्या हेल्पचा, अहवालांच्या विभागापुरता. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फ्रेममध्ये बसवलेली पानं होती. ब्राउझरांनी डिस्कवरून उघडलेल्या पानांवर निर्बंध घातले तशी तिची अनुक्रमणिका रिकामी दिसू लागली.

हे थर एकमेकांवर साचत का गेले? आळस म्हणून सोडून देता आलं असतं, पण कंपनीतल्या जुन्या मेल वाचल्यावर वेगळं दिसलं. २००३ मध्ये रोबोहेल्पची मालक कंपनी, तोवर तिचं नाव ई-हेल्प झालं होतं, मॅक्रोमीडियानं विकत घेतली. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अडोबीकडे गेली. रोबोहेल्प आता बंद पडणार अशी हवा झाली. ई-हेल्पमधून बाहेर पडलेल्यांनी त्याच वर्षी मॅडकॅप सॉफ्टवेअर काढलं आणि २००६ मध्ये फ्लेअर आणलं; जुने रोबोहेल्प प्रकल्प आत घेण्याची सोय त्यात होतीच. अडोबीनं २००७ मध्ये रोबोहेल्प ६ काढून दाखवलं की गाडी चालू आहे, आणि ती आजही चालू आहे. मधल्या काळात आमच्या कंपनीनं ठरवलं, ‘धूळ बसू दे, मग बघू.’ तेव्हा ते समंजसपणाचं होतं. पण धूळ बसली ती फाइलींवर.

सीएचएमचा मूळ प्रकल्प सुदैवानं सापडला. पानं एचटीएमएल होती खरी, पण जागोजागी ‘काडोव्ह’ नावाचे टॅग पेरलेले. जुनं रोबोहेल्प आपली खासगी माहिती टिप्पण्यांच्या आड अशी लपवून ठेवायचं : हा परिच्छेद फक्त पर्यवेक्षकांसाठी, ही ओळ फक्त अमुक आवृत्तीत. एखाद्या उत्साही माणसानं पानं ‘स्वच्छ’ करायची म्हणून हे टॅग उडवले असते, तर सगळा मजकूर सर्वांना सारखाच दिसला असता. तो उत्साही माणूस जवळजवळ मीच होते. स्क्रिप्ट लिहून तयार होती. एका टॅगच्या आत ‘पर्यवेक्षक’ हा शब्द दिसला म्हणून हात थांबला.

कशात लिहायचं

बैठकीत तीन मतं होती. मुख्य प्रोग्रामरचं म्हणणं, मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात थोड्या खुणा टाकून लिहा, गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ठेवा, कोडसोबत मजकूरही तपासला जाईल. सपोर्टप्रमुख बाईंचं म्हणणं, पुढच्या दोन-तीन वर्षांत हेल्प कोणी वाचणारच नाही, लोक प्रश्न विचारतील, तेव्हा त्याची तयारी करा. हे २०२० मध्ये बोलल्या त्या; तेव्हा मी मनात हसले होते, हे इथे कबूल करते. माझं मत डिटाचं.

डिटा म्हणजे मजकूर ठरलेल्या प्रकारांच्या टॉपिकांत, एक्सएमएलच्या टॅगांनी लिहायचं स्वरूप. ते आयबीएममध्ये जन्मलं, २००१ मध्ये बाहेर आलं, आणि २००५ पासून ओएसिस या संस्थेचं प्रमाण आहे. त्याच्या नावातला ‘डी’ डार्विनचा, कारण टॉपिकचा एक प्रकार दुसऱ्याकडून गुण वारशानं घेतो. संकल्पना, कृती आणि संदर्भ हे पायाचे प्रकार. कृतीच्या टॉपिकमध्ये पायऱ्या पायऱ्यांच्याच जागी लिहाव्या लागतात, मध्येच व्याख्यान झोडता येत नाही. कोणासाठी, कोणत्या आवृत्तीसाठी हे प्रत्येक परिच्छेदावर लिहिता येतं, आणि स्क्रीनच्या क्रमांकासाठीही ठरलेली जागा आहे. म्हणजे माझ्या सगळ्या तुटक्या धाग्यांना खुंट्या.

तरी मी हरले, आणि हरायलाच हवं होतं. डिटा अनेक लेखकांच्या, अनेक भाषांच्या, अनेक उत्पादनांच्या कारखान्याला शोभतं. इथे लेखक एक, आणि अर्ध्या दुरुस्त्या प्रोग्रामर करणार. त्यांना एक्सएमएलच्या संपादकात बसवलं असतं तर त्यांनी दुरुस्त्या बंद केल्या असत्या आणि मला मेल पाठवायला सुरुवात केली असती. मार्कडाउन मात्र मी मान्य केलं नाही. २००४ मध्ये ते वेबवर सहज लिहिता यावं म्हणून आलं, ते काम ते उत्तम करतं. पण ‘ही ओळ फक्त पर्यवेक्षकाला’ असं सांगायची त्याच्यात मुळात जागा नाही. प्रत्येक साधन ती आपापल्या परीनं जोडतं, म्हणजे पुन्हा नवे काडोव्ह. शेवटी आस्कीडॉक ठरलं : साधा मजकूर, गिटमध्ये राहतो, आणि अटी आणि एका फाइलीत दुसरी ओढून घेणं या गोष्टी भाषेतच आहेत. कोणाचंच पहिलं मत नव्हतं ते, त्यामुळे कोणाला कुरकुर करता आली नाही.

प्रत्येक टॉपिकच्या डोक्यावर आम्ही तीन गोष्टी सक्तीच्या केल्या : स्क्रीनची ओळख, भूमिका, आणि कोणत्या आवृत्तीपासून लागू. आणि बिल्डमध्ये एक तपासणी बसवली. प्रोग्रामच्या बाजूला ज्या ओळखी आहेत आणि हेल्पच्या बाजूला ज्या आहेत त्या जुळल्या नाहीत तर बिल्ड पडणार. या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती विचाराल तर ही चार-पाच डझन ओळींची स्क्रिप्ट. कुठल्याही विकतच्या साधनानं ती आम्हाला दिली नाही, आणि कुठल्याही साधनासोबत ती चालली असती.

पहिल्याच रात्री बिल्ड पडलं. काही स्क्रीनना टॉपिकच नव्हता. एका प्रोग्रामरनं जुनी चौकट नक्कल करून नवी केली होती, त्यामुळे दोन स्क्रीन एकाच क्रमांकावर. आणि २१४० दोनदा. कॅलिब्रेशनच्या एचएलपीत २१४० म्हणजे मर्यादेबाहेरचं वजन. २००१ च्या सीएचएममध्ये कोणीतरी २१४० लेबल छपाईला दिलेला. दोन फाइली वेगळ्या होत्या तोवर टक्कर नव्हती. एकत्र करताना आधीच्या चाचणी बिल्डमध्ये नंतरच्यानं आधीच्याला झाकलं होतं. ती तपासणी नसती तर त्या विश्लेषकेनं एफ१ दाबल्यावर तिला लेबलचा कागद कसा लावायचा ते कळलं असतं, आणि हेल्प सुरू झाली म्हणून आम्ही तक्रार बंद केली असती.

नव्या विभागांना आकडे काढून नावं दिली. कॅलिब्रेशनच्या कोडला हात लावता येत नव्हता, म्हणून प्रोग्रामरनं त्याची हाक मध्येच अडवून ब्राउझरकडे वळवणारा एक छोटा तुकडा लिहिला. तो आकड्यापुढे विभागाचं अक्षर लावतो. २१४० चं के-२१४० झालं.

सूचीचं प्रायश्चित्त

एक चूक मात्र पूर्णपणे माझी. नव्या हेल्पमध्ये शोधाची खिडकी होती, म्हणून ‘के’च्या तळटिपांमधले सूचीचे शब्द मी टाकून दिले. शोध सगळ्या मजकुरात होतो, मग वेगळी सूची कशाला?

मर्यादेबाहेरच्या वजनाच्या पानातलं एक वाक्य दोन अर्थांनी वाचता येत होतं, म्हणून १९९४ च्या मूळ लेखिकेला फोन केला. त्या निवृत्त आहेत, पण स्मरण खणखणीत. वाक्याचा अर्थ त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितला आणि मग विचारलं, ‘सूची ठेवलीस ना गं?’

‘नाही मॅडम, आता शोध असतो.’

‘अगं, मग त्यांना सापडणार कसं? आपण लिहितो वजन स्थिर नाही. त्यांच्यात कोणी असं म्हणतं का? ते म्हणतात, आकडा थरथरतोय. मी सपोर्टची फोनची वही घेऊन बसले होते महिनाभर. तिच्यातले शब्द आहेत ते.’

उलगडलेली फाइल पुन्हा उघडली. ‘वजन स्थिर नसणे’ या टॉपिकच्या ‘के’ तळटिपेत खरोखरच होतं : ‘आकडा थरथरणे, आकडा ठरत नाही, शेवटचा अंक नाचणे’. पानाच्या मजकुरात यातला एकही शब्द नाही. म्हणजे मी टाकून दिली होती ती नुसती सूची नव्हतीच. वापरणाऱ्याच्या आणि आमच्या भाषेतला तो एकमेव दुभाष्या होता. सगळे शब्द टॉपिकच्या डोक्यावर चौथ्या सक्तीच्या रकान्यात परत बसवले. हे काम दोन आठवडे चाललं आणि ते कोणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

मग प्रश्नांची खिडकी आली

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला बाहेर आलं, आणि सपोर्टप्रमुख बाईंनी मला २०२० च्या बैठकीची आठवण करून दिली. मागच्या बाजूनं करायचं ते असं : हेल्पचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा अर्थ आकड्यांच्या रांगेत बदलून साठवायचा, प्रश्न आला की त्याच्या जवळचे तुकडे शोधायचे आणि तेवढेच भाषेच्या मॉडेलपुढे ठेवून उत्तर मागायचं.

पहिल्या चाचणीत मी तोच प्रश्न विचारला. वजन मर्यादेबाहेर गेलं, काय करू? उत्तर सुरेख मराठीत आलं : ‘स्वीकारा’ दाबा, विचलनाचं कारण लिहा आणि सही करा.

यातला प्रत्येक शब्द आमच्याच हेल्पमधला होता. फक्त तो पर्यवेक्षकाच्या टॉपिकमधला. विश्लेषकानं असं केलं तर ती नोंद दोषपूर्ण ठरते. तिनं पुन्हा मोजायचं आणि दुसऱ्यांदाही तेच आलं तर पर्यवेक्षकाला बोलवायचं. तुकडे पाडताना डोक्यावरचे रकाने गळून पडले होते. काडोव्ह टॅग उडवणारी जी स्क्रिप्ट मी चालवायची थांबवली होती तिचंच काम या यंत्रणेनं मला न विचारता केलं. फरक इतकाच की जुन्या हेल्पमध्ये चुकीचं पान उघडलं तर शीर्षक वाचून माणसाला संशय यायचा. इथे शीर्षकच नव्हतं.

अशा उत्तराची जबाबदारी कोणाची याबद्दल संदिग्धता फारशी उरलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणानं एअर कॅनडाला तिच्या चॅटबॉटनं सवलतीच्या भाड्याबद्दल दिलेल्या चुकीच्या माहितीची भरपाई द्यायला लावली. चॅटबॉट जणू स्वतःच्या कृतीला स्वतःच जबाबदार आहे, हा पवित्रा तिथे टिकला नाही. हे उदाहरण मी बैठकीत मांडलं तेव्हा पहिल्यांदाच मला हवे तेवढे दिवस मिळाले.

दुरुस्ती मॉडेलमध्ये केलीच नाही. प्रत्येक तुकड्यासोबत चारही रकाने जातील असं केलं. आणि प्रश्नाची खिडकी सॉफ्टवेअरच्या आतच ठेवली, म्हणजे वापरणारी प्रश्न टाइप करते तेव्हा तिची भूमिका, आवृत्ती आणि ती कोणत्या स्क्रीनवर आहे हे प्रोग्राम गुपचूप सोबत पाठवतो. शोध सुरू होण्याआधीच लागू नसलेले तुकडे चाळून बाजूला होतात. १९९४ च्या सूचीतले शब्दही तुकड्याला चिकटवले. मॉडेलला साधारण समानार्थी शब्द कळतात, त्यात वाद नाही. पण एका धंद्यातली, एका यंत्राभोवतीची बोली त्याच्या कानावर आलेली नसते. ‘शेवटचा अंक नाचतोय’ या प्रश्नाला आधी आकडे राउंड-ऑफ करण्याबद्दलचं पान पुढे येई, आता योग्य पान येतं.

हेल्प ऑथरिंग साधनांचं पुढे काय, असं मला विचारतात. लिहून देण्याचं काम यंत्र करू लागलंच आहे, आणि मोठ्या साधनांनी ते आत घेतलंय. त्यात मला ना भीती वाटते ना फार उत्साह. पायऱ्यांचा पहिला खर्डा कोणीही केला तरी चालेल. वाचकांमध्ये यंत्रंही आली आहेत, हा बदल मला मोठा वाटतो. २०२४ मध्ये यंत्रांना वाचायला सोपी पडावी अशी साध्या मजकुराची एक फाइल वेबसाइटच्या दारात ठेवा असा प्रस्ताव आला. त्याच वर्षी बाहेरची माहिती आणि साधनं मॉडेलला जोडायचा एमसीपी हा करारही आला. म्हणजे आमची पानं कोणाच्या तरी खिडकीत, आमच्या शीर्षकाशिवाय, आमच्या अनुक्रमणिकेशिवाय दिसणार हे गृहीत धरायला हवं. मला विकत घ्यायचंय ते असं साधन, जे प्रत्येक परिच्छेदाला विचारेल : तू कोणासाठी खोटा आहेस? सध्या बाजारातली साधनं मला पान किती सुंदर दिसेल ते दाखवतात.

आताची स्थिती अशी. कॅलिब्रेशनचा विभाग बदललेला नाही. मर्यादेबाहेरची स्क्रीन उघडली की तो अजूनही २१४० हाच आकडा पुकारतो, मधला तुकडा त्याला के-२१४० करतो, आणि विश्लेषकेला उत्तर मिळतं : पुन्हा मोजा. खाली मूळ टॉपिकची लिंक असते, आणि त्यातलं ते दुहेरी अर्थाचं वाक्य सोडलं तर मजकूर १९९४ चाच आहे.

एक वाद शिल्लक आहे. काही ग्राहकांकडे सगळे कर्मचारी एकाच लॉगिननं काम करतात, त्यामुळे भूमिका कळत नाही. अशा वेळी के-२१४० वर खिडकीनं उत्तर देऊ नये, दोन्ही टॉपिक शेजारी शेजारी दाखवावेत, असं मी बसवलं. सपोर्टप्रमुख बाईंना ते मुळीच पटलेलं नाही. लोक उत्तर मागायला येतात, त्यांच्या हातात दोन पानं काय ठेवता, असं त्यांचं म्हणणं. तो बदल मागणारं तिकीट त्यांनी माझ्या नावावर उघडलंय. मी ते अजून बंद केलेलं नाही, आणि त्यांनीही मागे घेतलेलं नाही.